नाव घातलेला डबा

विरजण मेलं तेव्हा वृषाली मगदूम कँटीनमध्ये निवलेला चहा पीत बसली होती. तो ओतून दुसरा आणावा एवढीही उमेद तिच्यात उरली नव्हती. मनगटावरचा पट्टा थरथरला. चौथ्या टाकीची आम्लता उतरत होती. तिने पट्ट्याकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं, आणि चहा संपवूनच उठली. पहिल्या तीन टाक्या आदल्या आठवड्यातच गेल्या होत्या. आता धावून कुणाचं काही भलं होणार नव्हतं.

टाकीवरच्या जाळीवर उभं राहून तिने खाली वाकून पाहिलं. चांगल्या दिवसांत हा रस विटकरी लाल दिसायचा. आता तो हिरवट आणि पांचट पडला होता. शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, गेलं का हो हेही?"

"गेलं," ती म्हणाली. "पंखे बंद करा. उगाच वीज कशाला जाळायची."

'विरजण' हा शब्द कागलच्या या कारखान्यात तिनेच आणला होता. त्याआधी वीस वर्षं ती एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती, तिथून हा शब्द तिच्याबरोबर आला आणि इथे रुळला. कंपनीच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं, पण पहिल्या पाळीच्या हेल्परपासून वरच्या साहेबापर्यंत सगळे विरजणच म्हणायचे.

काम तसं समजायला सोपं होतं. मोबाइलच्या, स्कूटरच्या, रिक्षांच्या, बसगाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या यायच्या. त्यांतला उरलासुरला चार्ज पूर्ण उतरवायचा, मग त्या सोलायच्या, दळायच्या. शेवटी हाती यायची काजळीसारखी काळी भुकटी. लिथियम, कोबाल्ट, निकेल, सगळी माया त्या भुकटीत. पूर्वी ती भट्टीत घालायचे. कोबाल्ट आणि निकेल मिळायचं, पण लिथियम भट्टीच्या मळीत वाया जायचं ते जायचंच. मग जिवाणू आले. हे जिवाणू लोखंड आणि गंधक खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लात भुकटीतले धातू विरघळतात आणि मग एकेक करून वेगळे काढता येतात. भट्टी नको, धूर नको. अडचण एवढीच की तेच धातू जिवाणूंना विष असतात. म्हणून लहान मुलाला तिखटाची सवय लावतात तशी त्यांना भुकटीची सवय लावावी लागते, आज चिमूटभर, पुढच्या महिन्यात थोडी जास्त. वृषालीने ही सवय लावण्यात वर्षं घालवली होती. तिच्या हातचं विरजण चमचा उभा राहील इतक्या दाट भुकटीत जगायचं.

परदेशांच्या दुसऱ्या निर्यातबंदीनंतर या विरजणाला सोन्याचे दिवस आले. बाहेरचं लिथियम आणि कोबाल्ट यायचं थांबलं, तेव्हा सगळ्यांना साक्षात्कार झाला की देशातली सगळ्यात मोठी खाण लोकांच्या कपाटांत, माळ्यावर आणि भंगारात पडलेली आहे. मग गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरच बॅटऱ्या घ्यायची सोय झाली. लोक सकाळी एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात जुनी बॅटरी घेऊन रांगेत उभे राहू लागले. केंद्राने बॅटरी नाकारायची नाही, असा कायदा झाला. आणि आता विरजण मेलं तरी तो कायदा काही मेला नव्हता.

---

कारखान्याचे प्रमुख वरद पेंढारकर हे वृषालीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता. गेला आठवडाभर त्यांनी दाढी केलेली नव्हती आणि शर्टही बहुधा कालचाच होता.

"काय झालं असेल?" त्यांनी विचारलं.

"विषाणू. जिवाणूंनाही रोग होतात. दूध संघातही व्हायचं. एक दिवस दही लागायचंच नाही. म्हणून तिथे आम्ही तीन विरजणं आलटून पालटून वापरायचो. एकाला लागलेला रोग दुसऱ्याला लागेलच असं नसतं."

"इथे का नाही वापरली?"

तीन वर्षांपूर्वी तिने हेच सुचवलं होतं. तेव्हा वरच्या ऑफिसने सांगितलं होतं, जे विरजण सगळ्यात जास्त उतारा देतं तेच सगळ्या टाक्यांत ठेवा. राज्यातल्या बाकीच्या कारखान्यांनाही तेच दिलं होतं. आता तेही हात वर करून बसले होते. पेंढारकरांना हे ठाऊक होतं. विचारून झाल्यावर त्यांना ते आठवलंही, कारण ते एकदम टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"गोठवून ठेवलेला साठा आहे ना आपल्याकडे?"

"आहे. पण तो पहिल्या पिढीचा. त्याला भुकटीची सवय नाही. आज टाकला तर उद्या मरेल. सवय लावून कामाला जुंपेपर्यंत दिवाळी उजाडेल."

खिडकीतून आवार दिसत होतं. चैत्राचं ऊन पत्र्यांवर नुसतं पेटलं होतं. शेडमध्ये जागा संपली तेव्हा बॅटऱ्या बाहेर ताडपत्रीखाली रचल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी फुगून टम्म झालेल्या. चार दिवसांपूर्वी एका ढिगाने पेट घेतला होता. फोमचे फवारे मारून कशीबशी आग आवरली होती. भिंतीपलीकडेच कामगारांची वसाहत. तिथल्या बायका आता वाळवणंसुद्धा गच्चीवर घालत नव्हत्या.

पेंढारकर खिडकीजवळच उभे राहिले. पाठ वळवूनच ते म्हणाले, "हुपरीत जे होतं, ते तेव्हा सगळं नष्ट झालं होतं ना?"

"मीच केलं होतं. स्वतःच्या हातांनी."

"सगळं?"

वृषाली खुर्चीवरून उठली.

"मी तुम्हाला कुठे जा म्हणत नाही, मॅडम. जिवंत विरजण आलं, तर त्याची जनुकं वाचणार आणि ते आपल्याच विरजणाचं पोर आहे हे कळणार. मग ते कुठून आलं, हे मला वर लिहावं लागेल. बिनपरवाना धातू काढणाऱ्याला सरळ तुरुंग आहे. ज्या ज्या घरात सापडेल त्या प्रत्येक घराला. तेवढं लक्षात ठेवा." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि आवारही लक्षात ठेवा. अजून वैशाख यायचाय."

---

हुपरी कागलपासून फार लांब नाही. गाव चांदीचं. घराघरांत पैंजण आणि कंबरपट्टे घडायचे. कारागिरांच्या बोटांतून सांडलेला चांदीचा कणसुद्धा तिथे वाया जायचा नाही. खोली झाडून निघालेला केर धुऊन, गाळून त्यातून चांदी काढणारी माणसं ती. यंत्रांचे स्वस्त दागिने आले, धंदा बसला, आणि वृषालीच्या धाकट्या बहिणीच्या, शीतलच्या घरातली भट्टी विझली. तेव्हा शीतल एका दुपारी ताईकडे येऊन म्हणाली होती, "ताई, वाईच इरजण दे की. केरातनं चांदी काढणारी माणसं आम्ही. ह्यातनं न्हाई व्हय निघणार?"

विरजण मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं, हे दोघींच्या आईने दोघींच्या अंगात मुरवलेलं. वृषालीने दिलं. कंपनीच्या मालकीचं आहे, करारावर सही आहे, हे सगळं माहीत असून दिलं. आणि दिलं ते आपल्या स्टीलच्या डब्यात. दोघी लहान असताना आईने जत्रेत एकसारखे दोन डबे घेतले होते. त्यावरून भांडणं नकोत म्हणून दोन्हींवर नावं घालून घेतली होती. 'कु. वृषाली' आणि 'कु. शीतल'. सगळी दुनिया भांड्यांवर नावं घालते. चोरीचा माल देताना निदान नाव नसलेलं भांडं घ्यावं, एवढं एम.एस्सी. झालेल्या बाईला सुचलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी कंपनीचं तपासणीचं पथक हुपरीला शीतलच्या परसात शिरलं, आणि पिंपाशेजारी पालथा घातलेला तो डबा त्यांना सापडला. डब्याचा फोटो पेंढारकरांच्या टेबलावर आला. वर कळवलं तर वृषालीची नोकरी जाणार होती, शिवाय शीतलच्या नवऱ्यावर खटला होणार होता. पेंढारकरांनीच मधला मार्ग काढला. वृषालीने स्वतः जाऊन ते नष्ट करायचं आणि प्रकरण तिथेच मिटवायचं. तिने जाऊन पिंपात चुना ओतला. आम्लात जगणारे जीव चुन्याने मिनिटांत मरतात. शीतल उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती रडली नाही की ओरडली नाही. फक्त म्हणाली, "झालं? आता जा." त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. वृषालीचा नवरा गेला तेव्हा शीतल आली, भाकऱ्या करून ठेवल्या आणि तोंडातून शब्द न काढता परत गेली.

---

वृषाली पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. शीतलने दार उघडलं, बहिणीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली.

"वाळलीस की गं," ती म्हणाली. "बस. च्या टाकतो."

चार वर्षं मनात घोळवलेलं एकही वाक्य वृषालीच्या कामी आलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि सरळ म्हणाली, "आमचं विरजण मेलं."

"कळलं मला. बसस्टँडवर बी तेच बोलत्यात."

"शीतल, मी हे मागायला यायला नको होतं. मला तोंड नाही. पण आवारात बॅटऱ्यांचे डोंगर लागलेत. एक पेटला तर अख्खी वसाहत जाईल. तुझ्याकडे काही उरलंय का?"

शीतलने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. तिच्या बोटांच्या टोकांवर पोळल्याचे पांढरे डाग होते. असल्या हातांसाठीच परवाना लागतो, हे वृषालीला दिसत होतं आणि या क्षणी ते बोलायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही, हेही.

"चल," शीतल म्हणाली.

परसात तीन निळी पिंपं होती. माशांच्या टाकीत लावतात तसले पंप बुडबुडे सोडत होते. वृषालीने झाकण उचललं. विटकरी लाल रंग, आणि तो ओळखीचा कुबट आंबूस वास. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"पण मी तर चुना..."

"तू ओतलास. आठवड्यानं मी अक्काताईकडनं परत आणलं." शीतल कुंपणाकडे हात करून सांगू लागली. "तिला मीच दिलतं. तिनं पलीकडच्या आळीत दिलं. इरजण हाय, मागितलं की देत्यात. माझं फसलं की अक्काताईचं आणतो, तिचं फसलं की ती साळुंख्यांचं आणती. प्रत्येकीची चव न्यारी. अक्काताई रिक्षाच्या बॅटऱ्या घालती, साळुंख्यांकडं निस्ते मोबाइल."

म्हणजे किती घरं? वृषालीने विचारलं नाही. विचारलं तर कळणार होतं, आणि कळलं तर कधीतरी सांगावंही लागणार होतं. पण रोग इथे का टिकला नाही हे तिला उभ्या उभ्या समजलं. एकच विरजण घराघरांत वेगवेगळ्या वळणांनी वाढलं होतं. जे तिने वरच्या ऑफिसला विनवून सांगितलं होतं आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं, ते या आळीत कुणी न सांगता, नुसत्या शेजारधर्मानं चाललं होतं. तिला हसू यायला हवं होतं, पण फार दमली होती ती.

"देशील?" तिने विचारलं.

"दिवं लागल्यावर इरजण देत न्हाईत. आईनं शिकवलेलं इसरलीस व्हय? सकाळी बघू. आता जेव आन् पड."

"शीतल, मी हे नेलं की ते विचारणार, कुठून आणलं."

"इचारतील की."

"या सगळ्या आळीवर येईल ते."

शीतलने पिंपाचं झाकण लावलं. "मग न्हेऊ नको," ती म्हणाली. "मी काय तुला बोलवाय आलेलो? पर वसाहतीत बी माणसंच ऱ्हात्यात. तुझं तू ठरव, ताई. मी इरजण मागितल्यावर न्हाई म्हणत न्हाई, एवढंच."

---

सकाळी वृषाली उठली तेव्हा शीतल परसात होती. तिने दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन घेतली होती आणि मांडणीवरचा स्टीलचा डबा काढला होता. ती पिशवी डब्यात बसवून लांब दांड्याचं वगराळं पिंपात बुडवणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. तिने डबा उलटसुलट करून पाहिला. त्यावर 'कु. शीतल' होतं. ती आत गेली, तो डबा मांडणीवर ठेवला आणि दुसरा घेऊन आली. तसाच, फक्त बुडाशी जरा चेपलेला.

तिने तळातला दाट गाळ वगराळ्याने त्यात ओतला, पिशवीचं तोंड सैल बांधलं आणि झाकण नुसतं टेकवलं.

"घट्ट लावू नको. घुसमटतंय ते," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुला समदंच म्हाईत असतंय." शीतलने डबा बहिणीच्या हातात दिला, तो नावाची बाजू बहिणीकडे करून. मग ती पदराला हात पुसत आत निघून गेली.

वृषाली त्या नावाकडे बघत परसातच उभी राहिली. 'कु. वृषाली'. जत्रेतल्या माणसाने 'षा' जरा तिरका काढला होता. ठरवायचं असं आता काही उरलंच नव्हतं. ते आपल्या बहिणीला रात्रीच कळलं होतं आणि आपल्याला सकाळी, एवढाच काय तो फरक.

---

पेंढारकरांनी डब्याचं झाकण उचलून पाहिलं. त्यांचा चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी तरुण झाला आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा होता तसा झाला.

"कुठून आणलंत?"

"घरून."

"मॅडम, मी विचारतोय ते..."

"माझ्या घरून. न्हाणीघरामागे पिंप ठेवलं होतं. कंपनीचं विरजण चोरून नेलं आणि वाढवलं. दूध संघाची जुनी खोड, जाता जात नाही." तिने डबा त्यांच्याकडे वळवला. "नाव आहे त्यावर. वाचा."

पेंढारकरांनी वाचलं.

"हा डबा मी आधी पाहिलाय," ते हळूच म्हणाले.

"तेव्हाही त्यावर माझंच नाव होतं."

खोलीतला एसी घरघरत होता. खाली आवारात कुणीतरी ताडपत्रीवर पाणी मारत होतं.

"हे मी असं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. निवृत्तीनंतरचं सगळं जाईल. त्यांनी खटला घातला तर..." त्यांनी डब्यावर झाकण परत टेकवलं. "जरा विचार करा, मॅडम. दुसरं काही सांगता येईल का बघू."

"दुसरं जे काही सांगू त्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव येईल," वृषाली म्हणाली. "लिहा तुम्ही. पण आधी हे टाकीत जाऊ द्या. आणि पुढचं ऐकून घ्या. सगळ्या टाक्यांत एकच घालू नका. चार टाक्यांत चार निरनिराळ्या भुकट्यांवर वाढवा, आणि एकमेकांना देत राहा. नाहीतर पुन्हा असेच तोंड पाहत बसाल. या वेळी डबा घेऊन यायला मी नसेन."

पेंढारकरांनी मान हलवली. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि डबा दोन्ही हातांनी उचलून स्वतः टाकीकडे घेऊन गेले. वृषालीला तेवढं पुरलं.

चौथी टाकी लाल व्हायला वैशाख उजाडला. तोवर त्यांनी तिला ठेवून घेतलं, गरज होती म्हणून. आणखी एक ढीग पेटला, पण छोटा होता आणि भिंतीपासून लांब होता. मग आवारातले ढीग हळूहळू कमी होऊ लागले, वसाहतीच्या गच्च्यांवर कुरडया दिसू लागल्या, आणि एका सोमवारी वृषालीच्या मनगटावरचा पट्टा काढून घेण्यात आला. गेटवर सुरक्षारक्षकाने नियमाप्रमाणे तिची पिशवी तपासली. आत धुऊन पुसलेला रिकामा डबा होता. त्याने तो उघडून पाहिला आणि ओशाळून परत दिला.

---

शीतलने दार उघडलं. वृषालीने डबा पुढे केला. शीतलने झाकण काढलं.

"साखर?"

"रिकामा कसा आणू?"

"तुझाच डबा हाय की."

"तुझ्याकडेच राहू दे. तुझ्या मांडणीवर जोडी बरी दिसते."

शीतलने डबा आत नेऊन आपल्या डब्याशेजारी ठेवला. "नोकरी?"

"गेली."

"खटला?"

"घालतील किंवा नाही घालणार. अजून ठरवतायत."

"मग आता काय करणार हायस?"

वृषालीने खूप विचार केला. खरोखर विचार केला. "मला जरा पडू दे," ती म्हणाली.

शीतलने माजघरात सतरंजी अंथरली आणि उशाला घडी केलेलं लुगडं दिलं. फरशी गार होती. परसातून पंपांचे बुडबुडे ऐकू येत होते. मनगट मोकळं होतं. कुठल्याही टाकीची आम्लता आता तिच्या हातावर थरथरणार नव्हती, आणि या विचाराने सुटल्यासारखं वाटतंय की रडू येतंय हे तिला कळेना. तिने डोळे मिटले.

परसदार वाजलं. बाईचा खणखणीत आवाज आला, "शीतलवैनी, हाईस का? इरजण दे गं वाईच, आमचं फसलंय!"

"अक्काताई, हळू की," शीतल दबक्या आवाजात म्हणाली. "ताई झोपलीया. वगराळं तितंच हाय बघ. तूच काढून घे, आन् झाकण घट्ट लावू नको."

वगराळं पिंपाच्या काठावर आपटल्याचा आवाज झाला. घेणारी निघून गेली, तरी वृषाली उठली नाही. ती कुशीवर वळली आणि झोपी गेली.